मुलगा टॅब सोडत नाही, आणि खाली खेळायला कोणीच नसतं

दुसरीतल्याची आई

मुलगा साडेसात वर्षांचा आहे. शाळेतून साडेतीनला येतो. मी घरून काम करते आणि सहापर्यंत माझे कॉल चालू असतात. त्या अडीच तासांत त्याच्या हातात टॅब मीच देते, कोणी दुसरं नाही. सहाला टॅब परत मागितला की रडारड. 'पाच मिनिटं राहिली' असं आधी सांगून पाहिलं, तर रडणं पाच मिनिटं आधी सुरू झालं. वेळमर्यादेचा पासवर्ड त्याने माझ्या बोटांकडे बघून पाठ केला. परवा तर टॅब सोफ्यामागे लपवून 'हरवला' म्हणाला. टॅबपेक्षा त्याच्या खोटं बोलण्याचं मला जास्त लागलं. असं त्याने आधी कधी केलेलं नाही.

बाहेर पाठवलं तर दहा मिनिटांत वर येतो. म्हणतो, "कोणीच नाहीये." मी एकदा खिडकीतून बघत राहिले. घसरगुंडी रिकामी, झोपाळे रिकामे. तो एकटा दोनदा घसरला, इकडेतिकडे बघितलं आणि परत फिरला. त्या दिवशी त्याला रागवायला तोंड उघडेना.

त्यात वर्षभरात चष्म्याचा नंबर उणे पाऊणवरून उणे सव्वावर गेलाय. रोज किती वेळ स्क्रीन चालेल? आणि बाहेर खेळायची सवय लावायची कशी?

डोळे तपासणारी

ताई, मी रोज मुलांचे नंबर काढते, म्हणून आधी डोळ्यांचं बोलते. आपण सगळे स्क्रीनच्या मागे लागतो, पण डोळ्यांना बाहेरच्या उजेडाची जी गरज असते ती मागे पडते. घरात दिवे लावून साधारण ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड मिळतो. बाहेर ढगाळ दिवशीही तो काही हजारांत असतो, भर उन्हात लाखाच्या आसपास. तेवढ्या उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन जास्त स्रवतं आणि नेत्रगोल लांबट होण्याला आळा बसतो, असं मानलं जातं. लघुदृष्टी, म्हणजे उणे नंबर, मुख्यतः या लांबट होण्यानेच येते.

चीनच्या ग्वांगझू शहरातल्या १२ शाळांतला प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. ६ शाळांतल्या पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांनी त्यांच्यात लघुदृष्टी झालेली मुलं ३०.४ टक्के निघाली, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. मात्र हा आकडा नव्याने नंबर लागण्याचा आहे. लागलेला नंबर बाहेर खेळून थांबेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. वर्षात अर्धा वाढलाय, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांशी नंबर वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या थेंबांबद्दल आणि चष्म्याच्या खास काचांबद्दल बोलून घ्या. पुढच्या वर्षावर ढकलू नका.

किती वेळ, याचं उत्तर वयावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन बघायला जास्तीत जास्त एक तास सांगितला. ५ ते १७ वयासाठी २०२० मध्ये करमणुकीचा स्क्रीनवेळ कमी ठेवा एवढंच म्हटलं, तास दिले नाहीत. हालचालीचा आकडा मात्र दिला: रोज सरासरी ६० मिनिटं, दम लागेल अशी. मी तुमच्या जागी असते तर टॅबची मिनिटं मोजण्याआधी ही साठ मोजली असती.

आणि सहानंतर उजेड उतरतो. बाहेरची वेळ साडेतीनला ठेवता आली तर बघा.

नऊ वर्षांच्या मुलीचा बाबा

'पाच मिनिटं राहिली' आमच्याकडेही उलटं पडायचं. लहान मुलांच्या घरांवर २०१६ मध्ये झालेल्या एका अभ्यासातही हेच दिसलं होतं: आधी सूचना दिली की स्क्रीन सोडणं आणखी अवघड जातं. ठरलेल्या क्रमात असेल किंवा बघणं आपोआप संपत असेल, तर सोपं जातं. मी दोन गोष्टी केल्या. पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद केलं. आणि वेळेऐवजी भाग ठरवले: दोन भाग, मग बंद. गोष्ट अर्धी तोडली की मुलीला राग येणारच, मलाही येतो. गेममध्ये हे जमलं नाही, तिथे शेवटच नसतो, म्हणून ते गेम शनिवार-रविवारवर टाकले.

लपवण्याबद्दल एकच म्हणेन, त्याला फार मोठा गुन्हा करू नका.

दुसरीतल्याची आई

दोघांचे मनापासून आभार. आपोआप सुरू होणारे भाग आजच बंद केले. पण साडेतीन कसं जमवू? तेव्हाच माझा सगळ्यात मोठा कॉल असतो. आणि एकट्याला पाठवलं तर पुन्हा तेच, कोणी नसतं.

निवृत्त खेळशिक्षक

ताई, एकतीस वर्षं मुलांना मैदानावर खेळवलं, त्यावरून सांगतो. तुमचा मुलगा खिडकीतून दिसला तसाच मला डोळ्यांसमोर दिसतोय. त्याला खेळायचं नाही असं नाही, त्याला गडी मिळत नाहीयेत. आणि मला खात्री आहे, आसपासच्या चार घरांत आत्ता अशीच चार मुलं बसली आहेत, आणि प्रत्येकाला वाटतंय की खाली कोणी नाही.

म्हणून सुरुवात मुलापासून करू नका, एका दुसऱ्या पालकापासून करा. एकच शोधा. आठवड्याचे दोन वार ठरवा, वेळ ठरवा आणि ती पाळा. 'कधीतरी भेटू द्या मुलांना' याने काही होत नाही, मी कितीतरी वेळा पाहिलंय. तुम्ही मंगळवारी खाली उभ्या राहा, ते गुरुवारी राहतील. तुमचा कॉल ज्या दिवशी नाही तो दिवस तुमचा.

पहिले आठ-दहा दिवस मोठ्या माणसाने खेळात उतरायचं. नुसतं बाकावर बसून 'जा, खेळ' म्हणायचं नाही. आजच्या बऱ्याच मुलांना राज्य कोणावर आलं हे ठरवताही येत नाही, कारण मोठ्या मुलांकडून ते उतरलेलंच नाही. आम्ही लहान होतो तेव्हा पाच वर्षांचा पोर दहा वर्षांच्याच्या मागे लिंबूटिंबू म्हणून धावायचा आणि बघून बघून शिकायचा. ती साखळी तुटली, आता तेवढं आपल्याला करावं लागेल. भांडण झालं की लगेच मध्ये पडू नका, मार लागेल असं दिसलं तरच. नियमावरून वाद घालणं हाही खेळच आहे.

मग हळूहळू मागे सरका. आधी कडेला, मग बाकावर, मग खिडकीत.

दुसरीतल्याची आई

तीन आठवड्यांनी लिहितेय. शेजारच्या इमारतीतली एक आई भेटली, तिचीही हीच रड होती. मंगळवार मी, गुरुवार ती, पावणेचार ते पावणेपाच. मंगळवारचा कॉल मी सकाळी मागून घेतला. इतकी वर्षं विचारलंच नव्हतं, आणि लगेच हो म्हणाले.

पहिल्या मंगळवारी माझाच दम गेला. दुसऱ्या आठवड्यात आणखी दोघं आली, आता पाच झालेत. खेळून वर आल्यावर टॅब, दोन भाग. सोमवार आणि शुक्रवार अजून अवघड आहेत, मागच्या शुक्रवारी पुन्हा रडणं झालं. डॉक्टरांनी थेंब सुरू केलेत, सहा महिन्यांनी तपासणी.

सर, एक विचारायचं होतं. पाचांत एक मुलगी साडेपाच वर्षांची आहे. पकडापकडीत दर वेळी तिच्यावरच राज्य येतं आणि ती घरी निघून जाते. काय खेळवू?

निवृत्त खेळशिक्षक

पाच छान आहेत! डबा ऐसपैस खेळवा. त्यात पायाच्या वेगापेक्षा गुपचूप येण्याला जास्त मोल आहे, आणि ते छोट्यांना फार छान जमतं. राज्य असलेला दूरच्यांना शोधायला गेला की तिने मागून येऊन डबा उडवायचा, पकडलेले सगळे सुटतात. एकदा तिने असं सगळ्यांना सोडवलं की ती घरी जाणार नाही. पहिल्या दिवशी राज्य तुम्ही घ्या आणि जरा लांबपर्यंत शोधत जा. डबा पत्र्याचाच घ्या, कडा दुमडलेल्या बघून. प्लास्टिकच्याला आवाज येत नाही.