मदत हवी आहे: अंदाजपत्रकात तरतूद आहे, तरी पावसाळी लाइन टाकत नाहीत. नक्की कोणाला गाठायचं?

सोसायटी_सचिव (धागाकर्ता)
आमच्या सोसायटीसमोरच्या रस्त्यावर जोराचा पाऊस आला की गुडघाभर पाणी साठतं. पुणे महापालिकेच्या यंदाच्या अंदाजपत्रकात आमच्या भागासाठी पावसाळी लाइन (पावसाचं पाणी वाहून नेणारा पाइप) आणि काँक्रीटीकरणाचं काम छापलेलं मी स्वतः पाहिलंय, पुढे रक्कमही आहे. ऑफिसात विचारलं तर म्हणतात मुख्य खात्याकडे जा, मुख्य खात्यात सांगतात खालीच विचारा. पार्किंगमधल्या दुचाक्या बंद पडल्या, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरलं, तळमजल्यावरच्या आजींना खुर्चीत बसवून वर न्यावं लागलं. एवढा मिळकतकर भरतो तो कशासाठी? कृपया "पाठपुरावा करत राहा" असं सांगू नका. कोणाकडे, कोणता कागद घेऊन जायचं तेवढं सांगा. पाऊस अजून बराच बाकी आहे.

कोथरूडकर
भाग कुठला? रस्ता किती रुंद?

माहितीचा_हक्क
सरळ माहिती अधिकारात अर्ज टाका. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. कामाची फाइल, एस्टिमेट, निविदेची स्थिती, सगळं मागा. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. माझ्या अनुभवात फाइल हलायला यापेक्षा चांगला उपाय नाही.

जुना_ठेकेदार
30 दिवसांत अर्धा पावसाळा जाईल. अर्ज टाका, पण त्यावर विसंबून राहू नका. मी वीसेक वर्षं ड्रेनेजची कामं केली आहेत, म्हणून आधी हे विचारतो:
पाणी रस्त्यावरून वाहत येऊन साठतं, की चेंबरमधून उलटं वर येतं? रंग कसा असतो? वास येतो का?
आणि अंदाजपत्रकात कामाचं नाव शब्दशः काय छापलंय ते इथे लिहा. "आमच्या भागासाठी" एवढ्यावरून काही कळत नाही.

शुभदा_वा
लिफ्टच्या खड्ड्यात पाणी असताना लिफ्ट अजिबात चालवू नका, मेन स्विच बंद ठेवा. आमच्याकडे खड्ड्यात फ्लोट स्विचचा छोटा पंप बसवून घेतलाय, पाणी चढलं की आपोआप सुरू होतो. रस्त्याचं काम होईल तेव्हा होईल, हे या आठवड्यात करा.

पर्वती_दर्शन
मिळकतकराचा विषय निघाला म्हणून सांगतो. स्वतः राहत असाल तर 40 टक्के सवलत आहे, त्यासाठी पीटी-3 अर्ज भरावा लागतो. आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना हे माहीतच नव्हतं. सचिव आहात तर सगळ्यांचे अर्ज एकत्र भरून घ्या.

सोसायटी_सचिव
@पर्वती_दर्शन, धन्यवाद, पण माझा प्रश्न पाण्याचा आहे.
@कोथरूडकर, सिंहगड रस्त्याच्या बाजूचं, 2017 साली महापालिकेत आलेल्या 11 गावांपैकी एक. रस्ता 9 मीटर.
@जुना_ठेकेदार, सुरुवातीला रस्त्यावरून मातकट पाणी येतं. मग थोड्या वेळाने गेटजवळच्या चेंबरचं झाकण खडखडायला लागतं, कडेने बुडबुडे येतात आणि काळं पाणी उसळतं. वास येतो. कामाचं नाव घरी जाऊन बघतो.

कोथरूडकर
9 मीटर असेल तर मुख्य पथ विभागात हेलपाटे मारू नका. 12 मीटरपेक्षा कमी रुंदीचे रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे, म्हणजे महापालिकेच्या भागातल्या ऑफिसकडे असतात. तिथल्या कनिष्ठ अभियंत्याला जागेवर घेऊन या, शक्यतो पाणी साठलेलं असताना. फोटोने काम होत नाही. मंजूर झालेलं आहे, निधी आहे, फक्त मागे लागायचं.

जुना_ठेकेदार
"मंजूर आहे, निधी आहे" हे इतकं सरळ नसतं. अंदाजपत्रकात छापलेली ती तरतूद. नंतर पूर्वगणनपत्रक (म्हणजे एस्टिमेट), तांत्रिक मान्यता, निविदा, मान्यता, कार्यादेश (काम सुरू करण्याचा हुकूम). यातलं काहीच झालं नसेल तर वर्षाच्या उत्तरार्धात तीच रक्कम वर्गीकरण करून, म्हणजे वळवून, दुसऱ्या कामाला जाऊ शकते. 2025-26 चं अंदाजपत्रक 12,618 कोटींचं होतं, एवढ्यात एका गल्लीची ओळ शोधणारा तुमच्याशिवाय कोण असणार? म्हणून बजेट कोड (अंदाजपत्रकात त्या कामापुढे छापलेला क्रमांक) लिहून घ्या आणि त्या कोडवर पूर्वगणनपत्रक झालंय का, एवढंच विचारा.
काळं पाणी म्हणजे मैलापाण्याची लाइन तुंबते आहे. पावसाचं पाणी तिच्यात कुठूनतरी घुसतंय. ते काम मलनिःसारणवाल्यांचं. दोन वेगळे अर्ज करा, एकाच अर्जात घातलं की दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतील.

सहकारनगर_७२
25 सप्टेंबर 2019 ची आंबिल ओढ्याची रात्र आम्ही पाहिली आहे. भिंती पडल्या, माणसं गेली. नाले अरुंद केले, बुजवले, त्यावर रस्ते केले, की पाणी जाणार कुठे? तुमच्याजवळ जुना ओढा होता का ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. लाइन टाकून ओढ्याची जागा भरून निघत नाही.

नागरिक_सहभाग
महापालिकेत 2006 पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. पावसाळ्यातच अर्ज मागवतात, क्षेत्रीय कार्यालयात भरून द्यायचा. आम्ही पदपथ आणि बाक यातूनच करून घेतले. सोसायटीतल्या प्रत्येकाने एकेक अर्ज भरा.

जुना_ठेकेदार
त्यात एका कामाला 5 लाखांची मर्यादा असते. बाक होतील, चेंबरची झाकणं होतील, पाइपलाइन होणार नाही. शिवाय ते पैसे पुढच्या वर्षीचे.

नागरिक_सहभाग
लहान कामं झाली म्हणजे काहीच झालं नाही असं नाही. झाकणं बदलली, जाळ्या बसवल्या तरी फरक पडतो. लोकांनी आपण होऊन मागणी नोंदवायला हवी, नाहीतर कामं वरूनच ठरतात.

वडगावचा_रवी
माजी नगरसेवकाला भेटा. सगळे अधिकारी ओळखीचे असतात, एका फोनमध्ये काम होतं.

माहितीचा_हक्क
सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, तेव्हापासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच होते. ओळखीने एका गल्लीचं काम झालं की दुसऱ्या गल्लीचं मागे पडतं. कागदानेच मागा.

ग्रामसेवक_निवृत्त
मुख्य प्रश्न कोणीच विचारला नाही. हा रस्ता महापालिकेच्या ताब्यात आहे का? गावं आत आली तेव्हा ग्रामपंचायतीचं दप्तर हस्तांतरित झालं. ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंद नमुना 23 मध्ये असते. त्यात तुमचा रस्ता नसेल, आणि बिल्डरने लेआउटमधला रस्ता लिहून दिला नसेल, तर तो खासगी. खासगी जागेवर सार्वजनिक पैसा खर्च करायला कोणताही अभियंता सही करणार नाही. तोंडावर तसं सांगत नाहीत, "निधी नाही" म्हणतात.

सोसायटी_सचिव
कामाचं नाव असं आहे: "मुख्य रस्ता ते कालवा, पावसाळी लाइन टाकणे व काँक्रीटीकरण करणे". आमची गल्ली याच मुख्य रस्त्याला मिळते.
रस्त्याच्या जागेचा सातबारा ऑनलाइन काढला, त्यावर अजून मूळ जमीनमालकांचीच नावं आहेत. बिल्डर फोन उचलत नाही. पण पाणी आमच्या दारात येतं, ते सातबारा बघून येत नाही. कर भरणारी माणसं इथेच राहतात ना?

कोथरूडकर
म्हणजे तरतूद मुख्य रस्त्याची आहे, गल्लीची नाही.

वानवडी_सुहास
सोसायट्यांनी वर्गणी काढून पेव्हर ब्लॉक टाका आणि रस्ता उंच करा. आम्ही तेच केलं, कोणाच्या पाया पडावं लागलं नाही.

जुना_ठेकेदार
कृपा करून हे करू नका. रस्ता उंच केला की पाणी पार्किंगमध्ये शिरणार. थरावर थर टाकल्यामुळेच कित्येक सोसायट्यांची गेटं रस्त्याच्या खाली गेली आहेत.
सचिव, मुख्य रस्त्याची लाइन होणार असेल तर तुमच्या गल्लीचं पाणी तिलाच जोडायचंय. त्या कामाच्या पूर्वगणनपत्रकात तुमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जोडणीचं चेंबर धरायला सांगा. ते सार्वजनिक रस्त्यावर येतं, ताब्याचा प्रश्न नाही. आत्ता नाही धरलं तर काँक्रीट झाल्यावर कोणी फोडू देणार नाही.

ग्रामसेवक_निवृत्त
सहमत. आणि त्याच्याबरोबरच रस्ता ताब्यात देण्याचं सुरू करा. मंजूर लेआउटची प्रत काढा, गल्लीतल्या सगळ्या सोसायट्यांचे ठराव घ्या, जमीनमालकांची संमती घ्या. बिल्डर मिळत नसला तरी सातबाऱ्यावरची माणसं गावातच असतील.

सोसायटी_सचिव
जमीनमालकांपैकी एक जण गावातच राहतात, रविवारी भेटतो. चेंबरचा अर्ज उद्या देतो. अर्जात नेमकं काय लिहू?

जुना_ठेकेदार
बजेट कोड, कामाचं नाव जसंच्या तसं, आणि "गल्लीच्या तोंडाशी जोडणीचं चेंबर व गल्लीच्या उताराला पुरेल एवढी खोली ठेवावी". खोली महत्त्वाची आहे. मुख्य लाइन उथळ पडली तर तुमचं पाणी तिच्यात चढणार नाही. आवक शिक्क्याची (अर्ज मिळाल्याचा शिक्का मारलेली) प्रत घ्यायला विसरू नका. गल्लीचा उतार मुख्य रस्त्याकडेच आहे ना, की कालव्याकडे?

सोसायटी_सचिव
मधोमध खोलगट आहे, आमच्या गेटपाशी.

जुना_ठेकेदार
मग आधी लेव्हल घेऊन या, म्हणजे गल्लीत कुठे किती उंच-खोल आहे ते मोजून. सर्व्हेअर अर्ध्या दिवसात करून देतो. आकडे आल्याशिवाय अर्ज देऊ नका.