पूल, दार आणि वेळापत्रक

‘तंत्रज्ञान तटस्थ असतं’ या म्हणण्याला उत्तर म्हणून अमेरिकी अभ्यासक लँग्डन विनरचं १९८० सालचं उदाहरण अनेकदा दिलं जातं. त्याचं म्हणणं, वस्तूंच्या घडणीतच राजकारण असू शकतं: न्यूयॉर्कचे रस्ते-पूल उभारणारा अधिकारी रॉबर्ट मोझेसने जवळच्या लाँग आयलंडच्या रस्त्यांवर मुद्दाम ठेंगणे पूल बांधले, म्हणजे बसने येणारे गरीब आणि कृष्णवर्णीय किनाऱ्यापर्यंत पोचू नयेत. हे जरा जपून वापरा. जर्मन समाजशास्त्रज्ञ बर्नवर्ड योर्गेसने १९९९ मध्ये दाखवून दिलं की त्या रस्त्यांवर बसना मुळातच बंदी होती. पूल उंच असते तरी बस अडलीच असती.

आपल्याकडचा मुंबईचा सी लिंक तसाच. दुचाकी आणि रिक्षा तिथे अडतात त्या नियमामुळे. काँक्रीटला बाइक सहज पेलते. उद्या अधिसूचना बदलली की विषय संपला.

एसी लोकलचं दार मात्र वेगळं प्रकरण. सगळी दारं मिटल्याशिवाय मोटरमनला गाडी हलवता येत नाही. ऐन गर्दीत कुणाची सॅक फटीत अडकली की गाडी जागीच, आणि मागच्याही रखडतात. ‘लटकू नका’ ही पाटी इथे यंत्रात उतरली आहे. माणसाचं काम असं वस्तूवर सोपवणं हाच फ्रेंच विचारवंत ब्रुनो लातूरचा मुद्दा (त्याचंही लाडकं उदाहरण दारच!).

पण ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा-बदलापूरचे प्रवासी चिडले ते दारावर नव्हे. साध्या लोकल काढून त्या वेळेला महागड्या एसी लोकल सोडल्या होत्या. मध्य रेल्वेला १० फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. दार होतं तसंच राहिलं, बदललं ते वेळापत्रक. वस्तूच्या घडणीतच राजकारण पाहणाऱ्या विनरच्या चौकटीत हे कुठे बसवायचं?