जुनी महिंद्रा डीआय पिकअप घरीच बांधायची आहे, सुरुवात कुठून करू?

फैजपूरचा शेतकरी

राम राम मंडळी.

आमच्याकडे 2003 सालची महिंद्राची डीआय पिकअप आहे, 2523 सीसी इंजिनची. अप्पांनी ती केळीसाठी घेतली. बागेतून घड निघाले की सावद्याला, रावेरला पोचवायचे आणि येताना खताच्या गोण्या भरून आणायच्या, वर्षानुवर्षं हेच काम तिनं केलं. सध्या ती खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. भंगारवाला दारात येऊन भाव सांगून गेला, पण गाडी द्यायची नाही हे घरात सगळ्यांचं ठरलंय. ती परत रस्त्यावर आणायची आणि होईल तेवढं काम मीच करायचं.

उभी केली तेव्हाची लक्षणं अशी. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागायचा, सुरू झाली की निळा धूर. ऑइल भरायचं झाकण उघडलं की आतून फकफक हवा बाहेर यायची. दोन ऑइल बदलांच्या मधेही वरून ऑइल टाकावं लागायचं. गरम झाल्यावर स्लो वर (रेस न देता इंजिन नुसतं फिरत असताना) ऑइलच्या दाबाचा दिवा लुकलुकायचा. उन्हाळ्यात लोड घेऊन पालच्या घाटात चढली की पाणी उकळायचं. हौद्याचा पत्रा खालून सडलाय, केबिनच्या पायाजवळही भोकं आहेत.

माझ्याकडे इंजिन उचलायची चेनकुप्पी आहे, लोखंडी घोडी आहे, गोट्यांचा (सॉकेटचा) पूर्ण सेट आणि वेल्डिंग मशीन आहे. टॉर्क रेंच भाड्यानं मिळेल. ट्रॅक्टरची क्लच प्लेट, हेड पॅकिंग ही कामं मी स्वतः करतो, पण अख्खं इंजिन अजून बांधलेलं नाही.

विचारायचं हे की आधी इंजिन धरू की बॉडी? एका दुकानात चौकशी केली तर ते म्हणाले, लायनर (सिलिंडरच्या आत बसणारी नळी) आणि पिस्टनचं किट घेऊन या, बसवून देतो. इंजिन न खोलताच किट घ्यायचं हे मला पटलं नाही. घरी काय करावं आणि मशीनवाल्याकडे काय द्यावं, हे कुणी नीट सांगेल का?

---

वर्कशॉपवाले नाना, धुळे

भाऊ, तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे. मी एसटीच्या धुळे विभागीय कार्यशाळेत इंजिन सेक्शनला होतो, आता निवृत्त आहे. तिथं एक शिस्त होती: इंजिन खोला, धुवा, मोजा, आणि मगच स्टोअरला चिठ्ठी पाठवा. घरच्या कामालाही हीच शिस्त लावा. न मोजता किट आणलं तर क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) कोणत्या साइजला घासायचा, बेअरिंग कोणतं लागेल, हे सगळं अंदाजावर चालतं, आणि अंदाजानं बांधलेलं इंजिन फार दिवस चालत नाही.

तुमची लक्षणं वाचून पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरचं भोक) दोन्ही गेलेले वाटतात. दिवा लुकलुकतो म्हणजे बेअरिंगचा गाळा (मधली फट) वाढलाय किंवा ऑइल पंप झिजलाय, बहुतेक दोन्ही. पाणी उकळण्याचं कारण वेगळं शोधा, त्यावर पुढे बोलतो.

खोलताना फोटो काढत राहा. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा) आणि त्याची कॅप ही जोडी असते, फॅक्टरीत दोन्ही एकत्र बोअर केलेल्या असतात. कुणाची कॅप कुणाला लागली तर भोक गोल राहत नाही. नंबर दिसत नसतील तर पंचनं ठिपके मारा, दोघांच्या एकाच बाजूला. मेन बेअरिंगच्या कॅपांनाही तसंच. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या काड्या) पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमानं खोचा, म्हणजे ज्याच्या त्याच्या जागी परत जातील.

मग मोजमाप. या इंजिनचा स्टँडर्ड बोअर 88.9 मिलिमीटर आणि स्ट्रोक 101.6. बोअर डायल गेजनं प्रत्येक सिलिंडर वर, मधे, खाली असा मोजा, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी: एकदा क्रँकच्या रेषेत, एकदा आडवा. झीज सगळ्यात जास्त वर सापडेल, वरची रिंग जिथपर्यंत येते तिथं. पिस्टनचा दाब आडव्या दिशेनं पडतो म्हणून बोअर त्या बाजूला लंबगोल होतो.

आपल्या खान्देशात यातही एक गोष्ट सांभाळावी लागते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ब्लॉक हाताला चटका देतो. मायक्रोमीटर घरातून गार आणला आणि ब्लॉक त्याच्यापेक्षा 20 अंशांनी गरम असला, तर एवढ्या बोअरला बिडाच्या प्रसरणानंच साधारण 0.02 मिलिमीटर फरक दिसतो. आपण शोधतोय ती झीजच शतांशांत आहे. म्हणून ब्लॉक आणि हत्यारं रात्रभर एकाच जागी ठेवा आणि पहाटे मोजा.

मशीनवाल्याकडे ब्लॉक, क्रँक आणि हेड जाऊ द्या. लायनर कोणत्या जातीचा आहे ते पाहून घ्या. ड्राय लायनर सेमी-फिनिश आला तर ठोकल्यावर बोअर मारून होन करावा (आतून बारीक घासून मापात आणावा) लागतो. वेट लायनर (ज्याला बाहेरून पाणी लागतं) असेल तर त्याची कॉलर ब्लॉकच्या वर किती उठते ते डायलनं बघायचं, आणि खालचे रबर रिंग नवेच. ती कॉलर खाली बसली तर हेड पॅकिंग दाब धरत नाही. किट मोजल्यावर घ्यायचं, पण पिस्टन हातात असल्याशिवाय बोअर मारू देऊ नका. मशीनवाल्यासमोर प्रत्येक पिस्टन मोजा, त्यावर नंबर टाका, आणि त्या पिस्टनच्या मापानं तो सिलिंडर होन करून घ्या. क्रँकचंही तेच, अंडरसाइज बेअरिंग (घासलेल्या क्रँकसाठी आतून लहान मापाचं) मिळतंय ना याची खात्री करूनच घासायला द्या. घासताना जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागाच्या) कडेची गोलाई तशीच राहिली पाहिजे. तिथं काटकोन झाला तर क्रँक पुढे त्याच जागेवरून तुटतो.

क्रँक घासून आला की त्याची ऑइलची भोकं स्वतः साफ करा. बारीक ब्रश आणि डिझेल, मग हवा, मग पुन्हा ब्रश. पांढरा कपडा तारेला गुंडाळून आत फिरवा आणि तो काळा निघायचा थांबेपर्यंत सोडू नका. ग्राइंडिंगची भुकटी तिथं राहिली तर नवं बेअरिंग पहिल्याच फेरीत ओरखडतं. हे काम दुसऱ्यावर सोडायचं नसतं.

बांधणी घरीच करा, तेवढा हात तुमचा आहे. बेअरिंगच्या पाठीला ऑइल लावू नका, तिथं कोरडं आणि स्वच्छ हवं, ऑइल फक्त जर्नलकडच्या बाजूला. रिंग पिस्टनवर चढवायच्या आधी सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिचा गॅप फीलर गेजनं पाहा. या बोअरला ठोकताळ्यानं 0.35 मिलिमीटरच्या आसपास येतो, पण किटच्या कागदावर जे लिहिलंय तेच खरं. हेड मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं आवळा. टॉर्कचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या, माझ्याकडून नको.

आता पाण्याचं. तुमच्याकडे रेडिएटरमध्ये बोअरवेलचंच पाणी टाकत असणार. त्या पाण्याचा क्षार ब्लॉकच्या आत बसतो आणि गाळ बहुतेक मागच्या सिलिंडरभोवती साचतो. वेल्च प्लग (ब्लॉकच्या पाण्याच्या भोकांवरची पत्र्याची झाकणं) काढून आत टॉर्च मारून बघा. तो थर न काढता नवा बोअर मारला तर पैसे पाण्यात.

---

अमळनेर टिनकाम

भंगारमा दिधी नही, हाई भलतं भारी करं भाऊ.

इंजिनचं नानांनी सांगितलंच. मी पत्र्याचं सांगतो. इंजिन मशीनवर जाईल तेव्हा मधले दिवस मोकळे मिळतात, त्यात चेसिस आणि बॉडी धरा. इंजिन बाहेर असलं की केबिनखाली, क्रॉसमेंबरपाशी हात पोचतो, नंतर पोचत नाही.

केळीच्या गाड्यांचा हौदा एका ठरावीक पद्धतीनं सडतो. खाली ओला पाला अंथरतात, वर घड, त्यांचा चीक आणि पाणी पत्र्याच्या जोडात उतरतं आणि तिथंच मुरतं. वरून रंग शाबूत दिसतो. म्हणून जोडाजोडानं हातोडीचा हलका ठोका मारत जा. टणक आवाज आला तर पत्रा चांगला, बद्द आला तर कापायचाच. सडक्या पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरू नका. कापा, नवा तुकडा लावा, मग वायर ब्रश, गंज मारायचं द्रावण आणि इपॉक्सी प्रायमर. जोडाच्या आतून सीलंट ओढा आणि हौद्याला पाणी निघायला भोकं ठेवा. कमानपाटे उतरवलेच तर त्यांचे बुशही बदलून टाका.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी काढा, डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवा. चेसिस नंबर कोरलाय तिथं ग्राइंडर अजिबात नको. तेवढी जागा हातानं साफ करा आणि पारदर्शक ग्रीस लावा.

कागदाचं: गाडी मालवाहू पासिंगची असेल तर फिटनेस दरवर्षी लागतं आणि 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फी बरीच वाढलीय. तोच ब्लॉक ठेवून काम केलं तर इंजिन नंबर तोच राहतो. दुसरा ब्लॉक टाकायचा किंवा रंग बदलायचा असेल तर आधी जळगाव आरटीओची परवानगी घ्या. पर्यावरण कर थकलाय का तेही आधीच बघा.

---

फैजपूरचा शेतकरी

नाना, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. इंजिन खोललं, पहाटे मोजलं. चार नंबरचा सिलिंडर वर 89.12 आणि खाली 88.93. बाकीचे तीन त्याच्यापेक्षा बरे. वेल्च प्लग काढल्यावर चार नंबरच्या मागे पिवळट पांढरा थर होता, पेचकसानं खरवडला तर खडूसारख्या खपल्या निघाल्या. एक, दोन नंबरकडे जवळपास काही नाही. घाटात पाणी का उकळायचं ते डोळ्यांनी पाहिलं. अप्पा शेजारी स्टुलावर बसले होते, त्यांनी ती खपली हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, आता पावसाचं पाणी भरून ठेवू.

ब्लॉक केमिकल वॉशला दिलाय, रेडिएटर रॉडिंगला (नळ्या आतून सळईनं साफ करायला). क्रँकच्या दोन नंबर जर्नलला ओरखडे आहेत, 0.25 अंडरसाइजला निघेल असं मशीनवाला म्हणतो आणि ते बेअरिंग मिळतंय. हौद्याचा पत्रा तीन बाजूंनी कापावा लागणार.

आता पहिला स्टार्ट आणि नंतरचं रनिंग कसं करू?

---

रावेर लोडिंग

मी या गाड्या चालवतो आणि आमच्या दोन गाड्यांची इंजिनं आमच्याच वाड्यात बांधलीत.

डिझेलचा पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी) पंपवाल्याकडून तपासून आणा. नव्या रिंगांवर थेंब गाळणारी नोझल बसवली तर डिझेल बोअरवरचं ऑइल धुऊन काढतं. पहिल्या स्टार्टच्या आधी स्टॉप ओढून ठेवा आणि थोडं थोडं थांबत सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग फिल्टरपासून हवा काढा, शेवटी नोझलचे नट सैल करून. एक माणूस हवेच्या नळीपाशी जाड फळी घेऊन उभा राहू द्या. पंपाचं काम झालेलं इंजिन कधी स्टॉपनं बंद होत नाही आणि रेस पकडतं, तेव्हा हवेचं तोंड दाबणं हाच उपाय. तिथं हात किंवा कपडा कधीच लावायचा नाही.

सुरू झालं की स्लो वर तासभर ठेवू नका. जुने लोक तसं सांगतात, पण बिनलोडचं इंजिन फिरत राहिलं की बोअरला काच चढते (तो काचेसारखा गुळगुळीत होतो) आणि रिंगा बसत नाहीत. पाणी कोमट झालं की गाडी बाहेर काढा. तुम्हाला अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता दारातच आहे. फैजपूर, सावदा, रावेर, परत. हौद्यात चार-पाच गोण्या ठेवा, वेग कमी-जास्त करत राहा, गिअरमध्ये इंजिन दबू देऊ नका. साधारण 500 किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, टॅपेटचा (व्हॉल्व्हचा) गॅप पाहा. पालचा घाट त्यानंतर, आणि तोही आधी अर्ध्या लोडवर.

---

वर्कशॉपवाले नाना, धुळे

बरोबर सांगितलं. भर इतकीच की पावसाचं पाणी चांगलंच, पण त्यात कूलंट मिसळा, नुसत्या पाण्यानं ब्लॉक आतून गंजतो. आणि थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) काढून टाकू नका. आपल्याकडे उन्हाळा आला की सर्रास काढतात. मग इंजिन हवं तेवढं तापत नाही, ऑइल घाण होतं आणि नवा बोअर लवकर झिजतो. नवा थर्मोस्टॅट आणा, पातेल्यात गरम पाण्यात टाकून उघडतो का बघा, आणि बसवा.

ब्लॉक वॉशहून आला की टॉर्चचा फोटो टाका.