पुस्तकांच्या दुकानात रॉक लावावं का? लावलं तर कसं?

साइड_बी:

माझं पुस्तकांचं दुकान आहे, अकरा वर्षं झाली. रॉक त्याच्याही आधीपासून, शाळेत होते तेव्हापासून ऐकते. दुकानात पहिल्यांदा रेकॉर्ड प्लेअर आला, शेल्फं नंतर आली. आजवर कोणी फारशी तक्रार केली नव्हती. मागच्या आठवड्यात मात्र आमचे एक नेहमीचे गृहस्थ, दर शनिवारी तासभर इतिहासाच्या कप्प्यापाशी उभ्याने वाचणारे, पुस्तक मिटून गल्ल्यापाशी आले. "मॅडम, ही धडधड जरा कमी करता का? वाचताना ओळ निसटते." मी लगेच आवाज अर्ध्यावर आणला. पाच मिनिटांत ते परत आले. "रागावू नका, पण आता जास्तच टोचतंय."

मी रागावले नाही, कारण मलाही टोचत होतं. हजारदा ऐकलेलं गाणं, आणि कमी आवाजात ते पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाटत होतं. शेवटी बंदच केलं. पुढचा तासभर दुकानात फक्त पानं उलटल्याचे आवाज. त्यांना बरं वाटलं असावं, मला करमेना.

आता माझं दुकान कसं चालतं ते सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल. मी दिवस रेकॉर्डच्या बाजूंनी मोजते. एलपीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची. तेवढ्यात पुस्तकांचा एक खोका फोडून, यादीशी ताडून, शेल्फावर लावून होतो. बाजू संपली की उठायचं, तबकडी उलटायची. त्या उठण्यात सगळ्या दुकानावरून नजर फिरते: कोण कधीपासून एकाच जागी घुटमळतंय, कोणाला काहीतरी विचारायचंय पण धीर होत नाहीये, कोणता कवितासंग्रह पाककृतींत जाऊन बसलाय. सुई उचलली की जी शांतता होते तिच्यात लोक हमखास बोलतात. माझी निम्मी चांगली संभाषणं त्या अर्ध्या मिनिटात सुरू झाली आहेत. प्लेलिस्ट लावून पाहिली होती. ती संपत नाही, म्हणून मी उठत नाही, म्हणून कोणी बोलत नाही.

आणि "पुस्तकांत हे शोभत नाही" असं कोणी म्हटलं की मला ते लागतं. माझ्याकडे दाराजवळ एक छोटं शेल्फ आहे, बँडना नावं देणाऱ्या पुस्तकांचं. हक्स्लीचं १९५४ चं 'द डोअर्स ऑफ पर्सेप्शन', ज्यावरून 'द डोअर्स' आले. ते शब्द हक्स्लीने घेतले विल्यम ब्लेककडून, म्हणून शेजारी ब्लेक. हेसेची १९२७ ची 'स्टेपनवुल्फ'. आणि डिकन्सची 'डेव्हिड कॉपरफील्ड', कारण युरिया हीप हा तिच्यातला नम्रतेचं सोंग घेऊन फिरणारा कारकून. एका मुलाने निव्वळ त्या शेल्फामुळे डिकन्स नेला. तीन आठवड्यांनी दारातूनच ओरडला, "हीपचं पुढे काय होतं ते सांगू नका हं, मी अजून निम्म्यातच आहे!" त्या दिवशी मी दुसरं काही विकलं नसतं तरी चाललं असतं. पॅटी स्मिथ पहिला अल्बम येण्याआधी न्यू यॉर्कमध्ये पुस्तकांच्या दुकानात नोकरी करत होती, आणि 'टेलिव्हिजन' या बँडचा टॉम व्हर्लेनसुद्धा. त्याने आडनावही एका फ्रेंच कवीचं घेतलं. ही माणसं पुस्तकांमधूनच गिटारकडे गेली आहेत.

राग मलाही येतात, पण ते निराळे. पुस्तक काढताना कण्याच्या वरच्या टोकात बोट अडकवून ओढतात तो. दोन बाजूंची पुस्तकं जरा आत ढकलावी आणि मधलं कमरेला धरून काढावं, इतकं सोपं आहे. वरून ओढलं की पुठ्ठ्याच्या बांधणीचं डोकं फाटतं आणि ते पुन्हा नीट होत नाही. मुखपृष्ठावरच चिकटवलेली, निघताना कागद घेऊन निघणारी लेबलं. रॉक संगीतकारांच्या चरित्रांत सगळे फोटो गुळगुळीत कागदावर मध्ये एकत्र घातलेले असतात. प्रत्येकजण पुस्तक आधी तिथे उघडून दाबतो, आणि डिंकाची बांधणी नेमकी तिथेच तडकते. त्याहून मोठा राग म्हणजे सहाशे पानांचं चरित्र आणि मागे सूची नाही! एखादा ढोलवादक बँडमध्ये कधी आला हे पाहायला सहाशे पानं चाळायची? आयुष्यभर माहिती गोळा करणाऱ्या लेखकाने वाचकासाठी शेवटची आठ पानं करायला हवीत, याबाबतीत मी कोणाचं ऐकून घेणार नाही.

असो. विचारायचं हे, की वाचणाऱ्याला त्रास न देता दुकानात रॉक ऐकवता येतं का? आवाज कमी केल्यावर ते जास्त का टोचतं? आणि तुमच्यापैकी जे दुकानात उभ्याने वाचतात त्यांनी खरंखरं सांगा, मला वाईट वाटणार नाही.

---

पेन्सिल:

मी ती उभ्याने वाचणारी. धडधडीचा मला त्रास होत नाही, शब्दांचा होतो. गायक एक वाक्य म्हणतो आणि मी दुसरं वाचते, मग दोन्ही वाक्यं एकमेकांत जातात. ठेका कितीही जोरात असला तरी दोन मिनिटांत त्याची सवय होते, पण कळणाऱ्या भाषेतल्या गाण्याची होत नाही. मध्येच कोणी कुजबुजलं तरी माझी ओळ जाते, मग गाणं तर सोडाच. रॉकमध्ये गाण्याशिवायचं, नुसत्या वाद्यांचं पुष्कळ आहे ना? ते लावून बघा.

आणि कण्याचं वाचून मान खाली घातली. मी वरूनच ओढत होते. यापुढे नाही.

---

मंद्रसप्तक:

ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलतो. तुमच्या गृहस्थांचे कान अगदी बरोबर सांगत होते.

माणसाचा कान सगळे स्वर सारख्या जोराने ऐकत नाही. २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात तो सर्वांत तीक्ष्ण असतो, खाली खर्जात बराच मंद. आणि खरी मेख अशी की एकूण आवाज जितका कमी, तितका हा फरक वाढतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ साली मोजून वक्ररेषांत मांडलं. म्हणजे तुम्ही बटण अर्ध्यावर आणलंत तेव्हा गाणं सगळीकडून सारखं कमी झालं नाही. बेस आणि मोठा ढोल जवळजवळ बुडाले, आणि गिटारची धार नि गायकाची किंकाळी वर राहिली. रॉकचा पाया खालच्या स्वरांत असतो. तो काढलात तर उरतं ते टोचणारच.

उपाय सांगतो. गल्ल्यामागे उंचावर एकच मोठा स्पीकर आहे का? माझा अंदाज आहे की आहे. तो सगळ्या दुकानाला ऐकू जावा म्हणून जोरात ठेवावा लागतो, आणि जवळच्या माणसाचे हाल होतात. त्याऐवजी चार छोटे, पण बऱ्यापैकी खर्ज देणारे स्पीकर शेल्फांमध्ये वाटून ठेवा आणि प्रत्येक हळू वाजू द्या. खर्ज थोडा वाढवा. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असतं, ते याच कारणासाठी असतं, कमी आवाजात ऐकताना खालचे स्वर भरून काढायला. पुस्तकं तुम्हाला मदतच करतील. कमीजास्त खोलीच्या, कागदी कडांच्या रांगा वरचे स्वर शोषतात आणि विखुरतात. रिकाम्या खोलीपेक्षा भरलेल्या शेल्फांची खोली ऐकायला कितीतरी चांगली.

जागेचं महत्त्व तुम्हाला सांगायला नकोच. लेड झेपेलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बममधलं शेवटचं गाणं आठवा. त्यांचा ढोलवादक बॉनम, त्याचे ड्रम एका जुन्या घराच्या जिन्याखालच्या दालनात मांडले होते आणि माइक वर जिन्यात टांगले होते. तो जो डोंगराएवढा ठेका आहे त्यात निम्मा वाटा त्या जिन्याचा आहे.

---

जुना_गठ्ठा:

ताई, मीही पुस्तकंच विकतो, तुमच्यापेक्षा बरीच जास्त वर्षं. माझं मत वेगळं आहे. मी दुकानात काहीच लावत नाही.

गिऱ्हाईक पुस्तक उघडून पहिलं पान वाचतं तेव्हा ते मनातल्या मनात आवाज काढून बघत असतं. लेखकाचा सूर आपल्याला मानवतो का, एवढंच ते तपासतं. तो सूर ऐकू यायला शांतता लागते. मला स्वतःला गाणं आवडतं, पण ते घरी. दुकानात दुसऱ्याच्या कानावर माझा हक्क नाही असं मी मानतो.

तुम्हाला लावायचंच असेल तर एक बघून घ्या. बहुतेक देशांत दुकानात रेकॉर्ड वाजवणं हे जाहीर सादरीकरण धरलं जातं आणि त्याचा परवाना घ्यावा लागतो. रेकॉर्ड विकत घेतली म्हणून तो हक्क मिळत नाही. फोनवरच्या गाण्यांचं वैयक्तिक सदस्यत्वही दुकानासाठी चालत नाही. आपणच लेखकांचे हक्क जपा म्हणून छापील पुस्तकं विकतो, तेव्हा गाणाऱ्यांचेही जपावे.

सूचीबद्दल शंभर टक्के सहमत. आणखी एक माझ्याकडून: खिडकीत उन्हात ठेवलेली पुस्तकं. लाल आणि पिवळी शाई आधी उडते, आणि महिन्या-दोन महिन्यांत सगळी मुखपृष्ठं निळी पडतात. लोक म्हणतात जुना माल दिसतोय!

---

साइड_बी:

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण आधी करून पाहायचं होतं.

मंद्रसप्तक, स्पीकर गल्ल्यामागे उंचावरच होता. काढला. एका मैत्रिणीकडून चार छोटे आणले आणि शेल्फांच्या मधल्या कप्प्यांत, पुस्तकांच्या रांगेतच बसवले. खर्ज वाढवायला तुम्ही सांगितलंत तेव्हा मला खोटं वाटलं होतं. पण पहिल्यांदा लावलं आणि मी हातातला खोका खाली ठेवून उभीच राहिले. शेजारचा माणूस हळू बोलला तरी मला ऐकू येत होतं, आणि तरी बेस पायाला लागत होता. इतकी वर्षं मी अर्धंच गाणं ऐकवत होते.

पेन्सिल, नुसत्या वाद्यांचं चार दिवस लावलं. वाचणाऱ्यांना नक्कीच बरं पडतं, तुमचं खरं आहे. पण मला त्यात माझं माणूस सापडत नाही. मला तो खरखरीत, तुटत आलेला, तरी सोडून न देणारा गळा लागतो. म्हणून दिवसाची वाटणीच केली. उघडल्यावरचा पहिला तास आणि बंद करण्याआधीचा शेवटचा तास, पूर्ण अल्बम, गाण्यांसकट, दोन्ही बाजू. मधल्या वेळात नुसती वाद्यं. आणि शनिवारी दुपारी, गृहस्थ येतात तेव्हा, काहीच नाही. दारावर वेळा लिहून लावल्या आहेत. आता काही लोक मुद्दाम शेवटच्या तासाला येतात, आणि काही मुद्दाम शनिवारी. दोघांबद्दल मला तेवढंच प्रेम वाटतं.

जुना_गठ्ठा, परवाना माझ्याकडे पहिल्या वर्षापासून आहे, पण तुम्ही आठवण केलीत ते बरं झालं, नूतनीकरण जवळ आलं होतं. 'दुसऱ्याच्या कानावर हक्क नाही' हे वाक्य मी खूप दिवस मनात धरून होते. शनिवारची शांतता त्यातून आली. खिडकीला पडदाही लावला, निळी पडलेली सहा पुस्तकं मागे नेली.

त्या गृहस्थांचं सांगायचं राहिलं. परवा ते चक्क शेवटच्या तासाला आले. ब्लॅक सॅबथ लागलं होतं. थोडं ऐकून म्हणाले, "हे इतकं जड का वाटतं?" मी त्या बँडच्या गिटारवादकाची, टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. पत्र्याच्या कारखान्यात नोकरीचा शेवटचा दिवस, वय सतरा, आणि यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, जो भाजलेल्या हाताच्या दोन बोटांवर गिटार वाजवायचा. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या. १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये त्या आणखी सैल करून सूर खाली आणला. बोटांना सोपं जावं म्हणून तारा सैल झाल्या, आणि त्यातून तो काळाकभिन्न आवाज घट्ट झाला.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बाजू संपली, मी तबकडी उलटायला उठले, तर म्हणाले, "थांबा, त्या माणसावर पुस्तक आहे का?" मी काढून दिलं. हातात घेतलं आणि पहिल्यांदा काय पाहिलं असेल? मागची सूची. मग विचारलं, शनिवारी इथे उभ्याने वाचलं तर चालेल ना?

कमरेला धरूनच काढलं होतं त्यांनी शेल्फातून दुसरंही एक, तेही बाजूला ठेवलंय त्यांच्या नावाने.

---

पेन्सिल:

पहिला तास किती वाजता सुरू होतो ते दारावर लिहिलंय म्हणालात, इथेही लिहा ना. मला एकदा गाण्यांसकट ऐकून बघायचंय. पुस्तक त्या दिवशी उघडणार नाही.