रिसायकलिंग केंद्र शोधायचं वेब अ‍ॅप: लोक मध्येच सोडून जातात, कुठे कात्री लावू?

पेठेतला_कोडर: पुण्यात जवळचं सुका कचरा किंवा ई-कचरा केंद्र दाखवणारं वेब अ‍ॅप आहे. सध्याचा क्रम: उघडताच लोकेशनची परवानगी, मोबाइल नंबर आणि ओटीपी, कचऱ्याचा प्रकार (१२ पर्याय), किती किलोमीटरच्या आत, मग नकाशा; पिनवर टॅप केलं की पत्ता. बहुतेक जण पहिल्या दोन स्क्रीनवरच गळतात. काय ठेवू, काय काढू?

रद्दी_पुठ्ठा: ओटीपी आजच काढा. पत्ता बघायला नंबर कशाला? घरून उचलायची सोय दिलीत तरच मागा, तोही शेवटी.

क्रम उलटा करा: आधी काय टाकायचंय, मग कुठून. पान उघडताच परवानगीची खिडकी आली की माणूस सवयीने ‘नाही’ दाबतो. मग ब्राउझर सहसा पुन्हा विचारत नाही, आणि सेटिंगमध्ये जाऊन ते बदलणारा विरळा. ‘जवळचं दाखवा’ हे बटण दाबल्यावरच परवानगी मागा.

१२ पर्यायांऐवजी एकच शोधचौकट. लोक ‘मल्टिलेअर प्लास्टिक’ लिहीत नाहीत, ‘चिप्सचं पाकीट’ लिहितात. चार्जर, केबल, माउस हे सगळं ई-कचऱ्याकडे वळवा. फुगलेली बॅटरी मात्र वेगळी काढा: ती सुक्या कचऱ्यात दाबली गेली तर पेट घेऊ शकते, त्यामुळे केंद्राच्या पत्त्याआधी ही सूचना दिसली पाहिजे. सॅनिटरी पॅड शोधलं तर केंद्र दाखवूच नका. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा आणि वेगळं द्या, एवढं सांगा.

पेठेतला_कोडर: पटलं. पण परवानगी देऊनही काहींच्या फोनवर चाक नुसतं फिरत राहतं. ते का?

अक्षांश_रेखांश: टाइमआउट, म्हणजे किती वेळ वाट बघायची ती मर्यादा, दिलेला नसणार. जिओलोकेशनमध्ये (ब्राउझरच्या लोकेशन सांगणाऱ्या सोयीत) तो मुळात अनंत असतो. ८ सेकंद द्या, मॅक्झिमम एज (आधी मिळालेलं लोकेशन किती जुनं चालेल) ५ मिनिटं ठेवा, हाय अ‍ॅक्युरसी बंद. केंद्र शोधायला घराचा उंबरठा कळायची गरज नाही. एक खोच आहे: टाइमआउटचं घड्याळ परवानगी मिळाल्यावर सुरू होतं. खिडकीकडे कोणी दुर्लक्षच केलं तर होकारही येत नाही, एररही नाही. म्हणून पिनकोड किंवा भागाच्या नावाची चौकट एररची वाट न बघता पहिल्यापासून दिसू द्या.

अचूकतेचा आकडा मीटरमध्ये येतो, तोही तपासा. डेस्कटॉपवर तो कित्येक किलोमीटरचा असू शकतो. २००० च्या वर गेला की ‘तुम्ही कर्वेनगरला आहात का?’ असं विचारून घ्या. आणि साइट एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) नसेल तर यातलं काहीच चालणार नाही.

नदीपलीकडे: किलोमीटरची स्क्रीन उडवा, थेट जवळची ५ केंद्रं यादीत द्या, नकाशा बटणामागे. पण अंतर सरळ रेषेत मोजू नका. कर्वेनगरवाल्याला सिंहगड रोडचं केंद्र हाकेच्या अंतरावर दिसतं, मध्ये मुठा आहे हे सूत्राला कुठे माहीत! राजाराम पुलाचा वळसा धरूनच क्रम लागला पाहिजे. आधी सरळ अंतराने २० निवडा, मग तेवढ्यांचंच रस्त्याचं अंतर काढा, म्हणजे राउटिंगचा खर्च आवाक्यात राहतो.

प्रत्येक ओळीत नाव, अंतर, ‘आता उघडं, ६ पर्यंत’, फोनचं बटण आणि रस्ता दाखवणारी लिंक. वेळ शेवटची कधी तपासली तेही लिहा. बंद शटरसमोर एकदा उभा राहिलेला माणूस परत येत नाही.

वस्तू आणि भाग यूआरएलमध्येच (पानाच्या लिंकमध्येच) ठेवा. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकली की तीच यादी उघडेल. अक्षांश-रेखांश मात्र त्यात नको, नाहीतर घराचा पत्ता गावभर होईल.