इमॅजिकाच्या सहलीत सकाळची न्याहारी: घरून न्यायची की हॉटेलवर?

रंकाळ्याकाठची

नाताळच्या सुट्टीत आम्ही नऊ जण खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला निघालोय. आम्ही दोघं, दीर-जाऊ, तीन पोरं, सासू-सासरे. शनिवारी दुपारी कोल्हापूर सोडायचं, रात्री खोपोलीजवळ मुक्काम, रविवार पूर्ण पार्कमध्ये, पुन्हा मुक्काम, आणि सोमवारी महडच्या वरदविनायकाचं दर्शन घेऊन परत. बाकी सगळं ठरलंय, एका न्याहारीवरून घरात आठवडाभर खल चाललाय.

हॉटेलचे दोन दर आहेत, नाश्त्यासह आणि नाश्त्याशिवाय. फरक माणशी 450 रुपये. नऊ जणांचे एका सकाळचे 4,050, दोन सकाळचे 8,100. माझं मत स्पष्ट आहे: नाश्त्याशिवायच्या खोल्या घ्याव्यात. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी, केळी घरून न्यावीत आणि साडेआठच्या आत सगळ्यांची पोटं भरलेली असावीत.

पैशाचा भाग आहेच, पण मला खरी काळजी वेळेची आहे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पार्कला गेलो होतो. हॉटेलचा नाश्ता आठला सुरू. डोशाच्या तव्यापुढे वीस माणसं. एकाचा डोसा येईपर्यंत दुसऱ्याचा चहा गार. पोरं आधी कॉर्नफ्लेक्स, मग पॅनकेक, मग परत डोशाच्या रांगेत. सव्वादहाला टेबलावरून उठलो, फाटकाशी पोचायला सव्वाअकरा, आणि पहिल्या मोठ्या राइडमध्ये बसायला एक वाजून गेला. अशा ठिकाणी फाटक उघडल्यावरचा पहिला दीड-दोन तास सोन्यासारखा असतो, कारण रांगा तेव्हाच सगळ्यात छोट्या असतात. तिकीट दिवसभराचं काढायचं आणि तेवढाच वेळ टोस्टला लोणी लावण्यात घालवायचा, हे मला पटत नाही.

शिवाय पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेता येत नाही. म्हणजे पोरांच्या पोटात घरचं काही जाणार असेल तर ते सकाळीच. तुमच्यात काय करतात?

राजारामपुरी नववी गल्ली

ताई, नऊ माणसांचे धपाटे कोण करणार? तुम्ही आणि तुमच्या जाऊबाईच ना? शनिवारी दुपारी निघायचं म्हणजे सकाळी पाचपासून तुमचा गॅस पेटलेला. बॅगा भरायच्या, पोरांचे कपडे, सासू-सासऱ्यांची औषधं आणि त्यात तीस-चाळीस दशम्या. म्हणजे वाचलेले 8,100 रुपये तुमच्या कमरेतून निघणार. ते हिशेबात कुठं दिसत नाहीत.

मी हे तळमळीनं लिहितेय, कारण माझ्या आईला मी असंच बघितलंय. जोतिबा असो, नृसिंहवाडी असो, नाहीतर गणपतीपुळे, ती पहाटे तीनला उठलेली असायची. आम्ही गाडीत झोपायचो आणि ती मांडीवर डबे धरून बसलेली. गणपतीपुळ्याला आम्ही सगळे पाण्यात आणि आई लॉजच्या नळावर डबे घासतेय, हे चित्र अजून माझ्या डोळ्यापुढनं जात नाही. म्हणायची, मला पाण्याची भीती वाटते. मला पुष्कळ वर्षांनी कळलं की तिला भीतीबिती काही नव्हती, फक्त कुणीतरी डबे धुवायला पाहिजे होते.

तेव्हापासून ठरवलंय, सहलीला माझ्या हातात डबा नाही. नाश्त्याचे पैसे सहलीच्या खर्चात धरायचे, जसे डिझेलचे धरतो. नसेल परवडत तर सहा महिने थांबून जायचं.

रंकाळ्याकाठची

आईंचं वाचून गलबललं. पण आमच्यात एवढं एकटीवर पडत नाही हो. चटणी सासरेच कुटतात, अंडी दीर उकडतील. आणि दशमी कागदात बांधून न्यायची, घासायला काही उरत नाही. माझा मुद्दा वेळेचा आहे, तो तसाच राहतोय.

राजारामपुरी नववी गल्ली

चटणी आणि अंडी पुरुषांकडं, दशम्या-धपाटे तुमच्याकडं. वेळ कशाला जास्त लागतो ते तुम्हीच सांगा.

किणी नाका

नमस्कार. माझी टेम्पो ट्रॅव्हलर आहे, 14 वर्षं सहली करतोय. इमॅजिका 2013 ला सुरू झालं, तेव्हापासून दर सुट्टीत दोन-तीन खेपा होतात. माझं बघितलेलं सांगतो.

पहिली गोष्ट, मुक्काम कुठं आहे त्यावर न्याहारी ठरते. तुम्ही खोपोलीजवळ, म्हणजे घाटाच्या खाली थांबताय, हे बेस्ट केलंय. पुष्कळ जण लोणावळ्यात थांबतात. सकाळी भरपेट पुरी-भाजी हाणून लगेच बोरघाट उतरायचा, एसी गाडी बंद बाटलीसारखी, आणि खाली उतरून थेट पाळण्यात. पोरं निम्मी घाटातच ओकतात. लोणावळ्यात राहणाऱ्यानं नुसता चहा-बिस्कीट घेऊन घाट उतरावा आणि खाली येऊन खावं.

दुसरी, काही जण मुक्काम टाळायला रात्री एकला कोल्हापूर सोडतात. तीनशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. त्यात कागल-सातारा सहापदरीकरणाचं काम, वेळेचा नेम नाही. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे टोल नाके मोजत पहाटे पुणं गाठायचं आणि एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलला सातला थांबायचं. सुट्टीत तिथं बसायला जागा नसते. संडासची रांग वेगळीच. अशांनी डबा नेलाच पाहिजे, त्यात दुसरा विचार नको.

तुमचं रविवारचं गणित सोपं आहे. हॉटेल जवळ आहे, गाडी दहा-पंधरा मिनिटांत फाटकावर. मग एवढी घाई कशाला ओ? नाश्ता साडेसातला सुरू असेल तर सात पंचवीसला दारात उभं राहायचं. गर्दी साडेआठनंतर येते. मी ड्रायव्हर लोकांबरोबर रोज बघतो, पहिल्या अर्ध्या तासात डोशाचा तवा रिकामा असतो.

कट वाढा अजून

सगळे वेळ आणि पैसा बोलताय, न्याहारीची मजा कुणीच धरत नाही. नऊ माणसं एका टेबलावर बसणार ती फक्त सकाळी. पार्कमध्ये एकदा शिरलं की मोठी पोरं नायट्रो रोलर कोस्टरकडं, लहानं कुठल्या तरी चक्राकडं, आजी-आजोबा सावली शोधत. संध्याकाळी सगळे दमलेले, कुणाच्या तोंडात शब्द नसतो. मागच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा माझ्या वडलांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं वॅफल केला. यंत्र कसं उघडायचं हे पाच वर्षांच्या नातवानं शिकवलं. आमच्यात त्या सहलीतलं आज काय आठवत असेल तर ते. राइड कुठली किती वेळा केली हे पोरंसुद्धा विसरली.

आणि दशम्या-धपाटे पोरं घरी बारा महिने खातात. पाच गोष्टी पुढं मांडलेल्या, त्यातलं आपण निवडायचं, हा पोरांसाठी खेळच असतो. तो पार्कइतकाच सुट्टीचा भाग आहे.

फक्त एक, तिथली मिसळ कोल्हापूरच्या माणसानं मागू नये. उद्यमनगरात फडतरेंकडं ब्रेड बुडवून खाल्लेल्या जिभेला ते फरसाणावरचं लाल पाणी चालत नाही. इडली घ्या.

तालीम मंडळ

मिसळ चांगली मिळाली तरी त्या दिवशी खाऊ नका. नायट्रो माणसाला पाच वेळा उलटं करते, ताशी शंभराच्या आसपास वेगानं. तर्री वर आल्याशिवाय राहायची नाही.

आमच्यात तालमीत पहाटे जोर-बैठका मारणारा पोरगा आधी पोटभर खात नाही. मेहनत आधी, मग बदामाची थंडाई, मग खुराक. पार्कच्या दिवशीही तेच करा. सकाळी दोन केळी, मूठभर शेंगदाणे-गूळ, कपभर दूध. मोठ्या राइड पहिल्या दोन तासांत उरकायच्या आणि मग, जेवणाची गर्दी व्हायच्या आधी, आत बसून दाबून जेवायचं. म्हणजे हॉटेलचा नाश्ताही नको आणि धपाटेही नकोत. दोघींचं भांडण मिटलं.

राजारामपुरी नववी गल्ली

पैलवानांचं पोट आणि सात वर्षांच्या पोरीचं पोट एक नसतं दादा. माझी मुलगी दहाला रांगेत उभी राहून भुकेनं रडायला लागली की राइडबिइड सगळं संपतं.

भवानी मंडप औषधे

माझं औषधांचं दुकान आहे. सहलीच्या हंगामात गाडी लागण्याच्या गोळ्या रोज मागतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मळमळ होते ती कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा एक सांगते आणि डोळे दुसरं सांगतात म्हणून. तेलकट, तळलेलं, तुपाळ पोटात जास्त वेळ रेंगाळतं आणि मळमळ वाढवतं. पण रिकाम्या पोटीही मळमळ होतेच, हे पुष्कळांना माहीत नसतं. त्यामुळं नुसत्या चहावर पोरांना पाळण्यात बसवू नका. बेताचं, कोरडं, कमी तेलाचं खाणं, आणि खाल्ल्यावर मोठ्या राइडपर्यंत दीड-दोन तास. इडली, पोहे, उप्पीट, दशमी, केळं, यातलं काहीही चालेल. आलेपाक खिशात ठेवा, आल्यानं मळमळीला उतार पडतो. गोळी द्यायची तर प्रवासाच्या अर्धा-एक तास आधी, डॉक्टरांना विचारून. तिनं झोप येते, पोरगं दिवसभर पेंगत राहील हेही लक्षात घ्या.

रंकाळ्याकाठच्या ताई, सासू-सासऱ्यांपैकी कुणाला मधुमेह असेल तर सगळा आराखडा त्यांच्यापासून सुरू करा. गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर खाणं लांबलं की साखर खाली येते. त्यांच्या न्याहारीची वेळ घरी साडेआठ असेल तर तिथंही साडेआठच. तालीम मंडळाचा सल्ला त्यांच्यासाठी अजिबात नको.

आता डब्याबद्दल. शनिवारी केलेलं रविवारी सकाळी खायचं म्हणजे वीस-बावीस तास. दुधात कणिक मळून, पाणी न घालता केलेली, नीट भाजून पूर्ण गार केलेली दशमी टिकते. धपाट्यात कांदा-कोथिंबीर असेल तर जपून. ओल्या खोबऱ्याची चटणी, दहीभात, मसालेभात मुळीच नको. भातात काही जिवाणूंची बीजं शिजवल्यावरही जिवंत राहतात आणि भात कोमट राहिला की वाढतात. नंतर गरम केला तरी त्यांनी तयार केलेलं विष जात नाही. अंडी उकडून गाडीत रात्रभर ठेवू नका, खोलीत फ्रीज आहे का विचारा. आणि सोमवारी सकाळी घरचा डबा हा विषयच सोडा. तोवर दोन दिवस होतात.

रंकाळ्याकाठची

सोमवारचं पटलं. सोमवारी नऊच्या नऊ जणांचा नाश्ता हॉटेलवर घेते.

सासऱ्यांना मधुमेह आहे आणि हे मी खरंच धरलं नव्हतं. काल रात्री दोघांना समोर बसवून विचारलं. इतके दिवस आम्ही सुनाच बोलत होतो, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, मला आंघोळ-पूजा झाल्याशिवाय काही जात नाही, आणि तुमच्या त्या पाळण्यात मी बसणार नाही, मग मला साडेसातला कशाला पळवताय? सासऱ्यांचंही तेच. त्यांना साडेआठला गरम इडली पाहिजे, निवांत बसून.

किणी नाका

मग सोपं झालं की वहिनी. नाश्ता खोलीवार घेता येतो. आजी-आजोबांच्या एका खोलीला नाश्त्यासह दर लावा, रविवारचे 900 रुपये. गाडी तुम्हाला फाटकावर सोडून परत हॉटेलला येईल आणि दहा-साडेदहाला त्यांना घेऊन जाईल. ड्रायव्हरला आदल्या रात्री सांगून ठेवा, ऐनवेळी नको, त्याचीही आंघोळ असते. त्यांची तिकिटं आधी काढून त्यांच्याच फोनवर पाठवा, नाहीतर फाटकावर खोळंबा. आणि सोमवारी परतीला पुण्यापुढं खंबाटकीचा घाट आहे, पोरांना त्याच्या आधी भेळ-वडापाव नको.

कट वाढा अजून

म्हणजे नऊ माणसं एका टेबलावर नाहीतच.

रंकाळ्याकाठची

सोमवारी असतील दादा. महडला निघायची घाई नाही, दहापर्यंत बसू. वॅफलचं यंत्र आहे का ते हॉटेलला विचारते. रविवारी मात्र आम्ही सात जण दशम्या खाऊनच निघणार. फाटक उघडताना मला पुढं उभं राहायचंय, त्यात बदल नाही.

राजारामपुरी नववी गल्ली

सात जणांच्या दशम्या म्हणजे अठरा-वीस. तरी शुक्रवारी रात्री कणिक कोण मळणार ते अजून सांगितलं नाहीत तुम्ही.

रंकाळ्याकाठची

नवऱ्याला हा धागा वाचायला दिलाय. तो मळतो म्हणालाय, लाटायचं मी आणि जाऊ बघू. भाजायला दीर. दूध गंगावेशीच्या कट्ट्यावरनं आणायचं कामही त्यांच्याकडंच दिलंय.

राजारामपुरी नववी गल्ली

दोन लिटर आणायला सांगा. उरलं तर शनिवारी पोरांना निघताना द्या. आणि ताई, शनिवारी दुपारचं जेवण वाटेत बाहेर घ्या, त्याचा डबा करत बसू नका.