नेहरू विज्ञान केंद्र (वरळी): ४ आणि ९ वर्षांच्या मुलांना एकत्र कसं न्यावं?

डोंबिवली_फास्ट: सोबत आजी-आजोबाही आहेत. एका दिवसात सगळं बघून होत नाही म्हणतात. मग आधी काय बघावं आणि काय सोडावं?

वरळीनाका: फास्ट लोकलने दादर, पश्चिमेला बाहेर पडून मेट्रो ३, तिथून चौथं स्टेशन ‘सायन्स सेंटर’. लोकलनेच जाणार असाल तर दादरला चर्चगेट स्लो पकडा आणि महालक्ष्मीला उतरा, फास्ट तिथे थांबत नाही. पुढे आजी-आजोबांसाठी टॅक्सी करा.

आधी बाहेरची विज्ञान-बाग. ती १९७९ची, म्हणजे १९८५च्या मुख्य इमारतीपेक्षाही जुनी. ऊन चढलं की लोखंडी दांडे आणि बैठका तापतात, म्हणून सकाळीच उरका आणि दुपारी आतली दालनं. वाफेच्या इंजिनापाशी फोटोसाठी फार वेळ घालवू नका. थ्रीडी शोचं तिकीट वेगळं असतं. धाकट्यासाठी काढू नका. एवढी लहान मुलं चष्मा काढून टाकतात, मग पडद्यावर नुसतं दुहेरी, पुसट चित्र दिसतं.

खटपट्या: बागेत दोनच गोष्टींना नीट वेळ द्या.

कुजबुजीच्या तबकड्या (समोरासमोर, लांब उभ्या केलेल्या दोन मोठ्या खोलगट तबकड्या): मुलं हमखास समोरच्याकडे तोंड करून ओरडतात आणि ‘बंद आहे’ म्हणून निघून जातात. पाठ जोडीदाराकडे हवी आणि तोंड आपल्याच तबकडीकडे, अगदी नाभीपाशी, म्हणजे तबकडीसमोर जिथे आवाज एकवटतो त्या बिंदूपाशी (तिथे बहुधा कडं किंवा खूण असते). तिथून निघालेला आवाज तबकडीवर आपटून समांतर जातो आणि पलीकडची तबकडी तो पुन्हा तिच्या नाभीवर गोळा करते. हळू बोलायचं. ४ वर्षांच्या मुलाचं तोंड त्या उंचीला पोचत नाही, उचलून धरा. वीतभर खाली राहिलं तरी आवाज भलतीकडे जातो.

कप्पीची खुर्ची: स्वतः बसून स्वतःलाच ओढायचं. वर एकच स्थिर कप्पी असेल तर खुर्ची आणि हात असे दोन दोर वजन वाटून घेतात. मूल आणि खुर्ची मिळून ३० किलो असतील तर ओढ साधारण १५ किलोची, घर्षणामुळे थोडी जास्त. बदल्यात १ मीटर वर जायला २ मीटर दोर ओढावा लागतो. थोरल्याला आधी किती दोर वजन पेलतात ते मोजायला लावा, मग बसवा. दोर हाताला गुंडाळू देऊ नका, आणि उतरताना एकदम सोडायचा नाही, हातावर हात टाकत सोडायचा.

डोंबिवली_फास्ट: आणि प्रकाशाच्या दालनात?

चष्मिस: रंगीत सावल्या कुठे दिसल्या तर तिथे थांबा. तांबडा, हिरवा, निळा असे तीन दिवे एकाच पांढऱ्या पडद्यावर पडतात. मुलं पडद्याला चिकटून उभी राहतात, त्यामुळे सावल्या एकमेकींवर पडून काळं दिसतं. दोन पावलं मागे या, सावल्या सुट्या होतात. जिथे फक्त तांबडा अडतो तिथे आकाशी, हिरवा अडतो तिथे गुलाबी-जांभळा, निळा अडतो तिथे पिवळा. कुठल्या दिव्यासमोर हात धरला की कुठली सावली जाते, हे थोरल्याला आधी सांगायला लावा.

धाकटा कंटाळला तर ओढत नेऊ नका. त्याच्यासाठी फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारातलं बालसंग्रहालय (२०१९) जास्त बरं, पण ते दुसऱ्या दिवशी.

वरळीनाका: +१. दोन्ही एका दिवसात नकोच. आणि पावसाळ्यात पट्ट्याच्या चपला घाला, ओल्या लोखंडावर पाय सटकतो.